मदत हवी आहे : खाऱ्या हवेत सायकलच्या चेनला कुठलं तेल सोडायचं आणि कसं?

नमस्कार मंडळी,

पाऊस तोंडावर आलाय म्हणून घाईने विचारतोय. मी भाट्ये पुलाच्या पलीकडे पावस रोडला राहतो, रात्री घरात गाज ऐकू येते इतका समुद्र जवळ. रोज कामाला सायकलने रत्नागिरीत जातो, जाऊनयेऊन १५ किमी होतात, आणि रविवारी जमलं तर आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्यापर्यंत. सायकल ८ स्पीडची, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, रात्री पडवीत उभी असते.

प्रॉब्लेम चेनचा आहे. गेल्या वर्षी जुलैत कड्या कडक झाल्या, वळेनातच, आणि ऑगस्टमध्ये चढावर जोर लावला तेव्हा चेन तुटली. नवीन टाकली, तिच्यावर आता मे महिन्यातच तांबेरा दिसायला लागलाय आणि पेडल मारताना सतत करकर येते. या वर्षी ही चेन अशी घालवायची नाहीये मला.

आत्तापर्यंत काय काय केलं ते सांगतो. एका दुकानदाराने ग्रीस चोपडून दिलं, आठवडाभर आवाज गेला, पण सुरुबनाजवळ वाऱ्याने वाळू रस्त्यावर आलेली असते ती सगळी त्या ग्रीसला चिकटली आणि काळी लगदी झाली. मग घरातलं खोबरेल लावून बघितलं, ते महिन्याभरात चिकट झालं, बोटाला राळेसारखं लागत होतं. मग डब्ल्यूडी-४० मारलं, चेन चकाचक झाली, पण दोन दिवसांत परत लाल. आता ऑनलाइन बघतोय तर वेट ल्यूब आणि ड्राय ल्यूब असे दोन प्रकार दिसतायत, आपल्याकडे कुठला चालेल? आणि दर वेळी रॉकेलने धुवायलाच लागतं का? रोज वापरायची सायकल आहे, रोज तासभर तिच्यामागे देता येत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद :
दादा, कुठलं तेल ते नंतर बघू, आधी तेल कुठे जायला हवं ते सांगतो. चेनच्या बाहेरच्या पट्ट्यांवर तेलाचं काही काम नसतं, जे झिजतं ते आत, पिन आणि रोलरच्या मध्ये. ग्रीस जाड, ते आत शिरतच नाही, वरच बसून वाळू गोळा करतं. डब्ल्यूडी-४० चं उलट आहे, नावातलं डब्ल्यूडी म्हणजेच पाणी हटवणारं, ते पातळ असतं, आत जातं, पाणी बाहेर काढतं, पण मागे टिकणारा थर फारसा ठेवत नाही. म्हणून पावसात भिजून आल्यावर पाणी काढायला ते चांगलं, पण त्यावर दुसरं तेल सोडलंच पाहिजे.

आता मीठ. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही तुमची चेन ओलीच राहते आणि गंज चालू राहतो. मिठावरून कितीही तेल सोडा, मीठ खाली तसंच राहतं. म्हणून समुद्राकाठची राइड झाली की चेनवर तांब्याभर गोडं पाणी ओता, फडक्याने पुसून कोरडी करा. पाणी खरंच गोडं आहे ना बघा हं, किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्याने धुतलं तर परत तेच. आणि गाड्या धुवायच्या सेंटरवर जोराचा फवारा मारून घेऊ नका, हबच्या आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरतं.

तेल म्हणाल तर तुम्हाला वेट ल्यूब, म्हणजे न सुकता ओलंच राहणारं तेल. ड्राय ल्यूबमध्ये मेण वगैरे पातळ द्रावणात असतं, द्रावण उडून जातं आणि कोरडा थर राहतो, धूळ कमी चिकटते पण एका सरीत धुऊन जातं. आपल्या पावसात, वर्षाला ३००० मिमीच्या वर, ते काय टिकणार!

प्रतिसाद :
वरच्यांशी पावसाळ्यापुरतं सहमत. मी मालवणकडचा, दिवाळी ते मे ड्राय वापरतो आणि जूनला वेटवर येतो. उन्हाळ्यात वेट ल्यूब लावून लाल मातीच्या रस्त्याने गेलात की चेन लालकाळी होते, वाळू आत जाऊन कानशीसारखी घासते. फक्त बदलताना आधीचं तेल पूर्ण काढा, एकावर एक नको. त्यासाठी चेन काढून बाटलीत रॉकेल घेऊन हलवायची, दोनतीनदा, मग चार-पाच तास नीट वाळवायची, रॉकेल आत राहिलं तर नवं तेल पातळ होऊन निघून जातं. असं वर्षातून दोनतीनदा पुरतं, दर आठवड्याला नाही. पेट्रोल वापरू नका, भडका उडतो.

प्रतिसाद :
मला ड्राय किनाऱ्यावर कधीच पटलं नाही. धुळीला चांगलं, पण गंजाला अडवण्यात कमी पडतं. मी दाभोळ-धोपावे फेरीबोटीने सायकल नेतो, रॅम्पवर खारं पाणी उडतं चेनवर, बाराही महिने वेटच लावतो पण कमी लावतो आणि पुसतो जास्त. खरं काम पुसण्याचंच आहे.

पद्धत अशी : सायकल उभी करून पेडल उलटं फिरवायचं, खालून जाणाऱ्या चेनच्या आतल्या बाजूला, प्रत्येक रोलरवर एकच थेंब. चेनमध्ये ११४-११६ कड्या असतात, कंटाळा येतो पण पाच-सात मिनिटांचं काम आहे. सुरुवात कुठून केली ते कळायला एका कडीवर खडूची खूण करा. मग दोन मिनिटं पेडल फिरवा आणि रात्रभर तशीच सोडा. सकाळी निघताना जुन्या बनियनच्या चिंधीत चेन धरून उलटं पेडल मारा, चिंधीवर काळं यायचं कमी होईपर्यंत. बाहेरून चेन जवळजवळ कोरडी दिसली पाहिजे. बरेच जण हे पुसणंच करत नाहीत आणि मग तेलाला नावं ठेवतात.

आणि डिस्क ब्रेक आहेत म्हणता, तर स्प्रे अजिबात नको! डब्ल्यूडी-४० सुद्धा चेनवर थेट मारू नका, चिंधीवर घेऊन पुसा. रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, उडालं की ब्रेक लागत नाही आणि पॅड बदलायला लागतात, उतारावर हे जिवावर बेतेल.

प्रतिसाद :
तेलाच्या आधी चेन मोजा. पट्टी घ्या, २४ कड्या पिनपासून पिनपर्यंत नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच म्हणजे ३०४.८ मिमी भरतात. ३०७ च्या आसपास गेली तर बदलायची वेळ झाली, ३०८ म्हणजे गेलीच, आणि ती मागच्या कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्यांचे, दातेही खाते.

धागाकर्ता :
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मोजली, ३०८ भरली. म्हणजे मी तेल शोधत होतो आणि चेन आधीच संपलेली होती, वाईट वाटलं, कारण वर्षही झालं नाही तिला. आज नवीन आणली. कॅसेटचे दाते दुकानात दाखवले, अजून चालतील म्हणाले, पण नवी चेन घसरायला लागली तर कॅसेटही बदलू म्हणाले.

वेट ल्यूबच घेतोय, पाऊस आठवड्यावर आलाय तर ड्रायचा विचार दिवाळीनंतर. पाण्याचं तर मी चाखूनच बघितलं, आमच्या विहिरीचं आत्ता खरंच किंचित मचूळ लागतंय, त्यामुळे पाऊस पडेपर्यंत नळाचं वापरेन. आणि आईने जुने पंचे फाडून चिंध्या करून पडवीत खुंटीला लावून दिल्यात.

एकच शेवटचं, धुवायला चेन काढता यावी म्हणून क्विक लिंक (उघडता-लावता येणारी जोडकडी) घ्यायची आहे, ती ८ स्पीडचीच मागायची ना? दुकानात ९ ची आहे म्हणाले, चालेल का?

प्रतिसाद :
नाही चालणार. ९ ची अरुंद असते, पिन पुरत नाही, लॉक बसत नाही. ६-७-८ स्पीडला एकच येते, तीच मागा. आणि दोन घ्या, एक सीटखालच्या पाऊचमध्ये टाकून ठेवा.