इस्राएल-पॅलेस्टाइनवरचे माहितीपट: तिथल्याच माणसांनी केलेले कुठले बघू?

रानवारा

मागच्या महिन्यात 'नो अदर लँड' बघितली, इस्राएली सैन्याच्या ताब्यातल्या वेस्ट बँकमधल्या मसाफेर यत्ता या पॅलेस्टिनी गावांवरची फिल्म, आणि तेव्हापासून एक सीन डोक्यातून जातच नाहीये. विहीर बुजवतात तो. सैनिक उभे आहेत, सिमेंटची गाडी आलीये आणि सरळ विहिरीत काँक्रीट ओततायत, पाण्याचे पाइप कापणं चाललंय आणि गावातली माणसं हातापाया पडतायत, ओरडतायत. माझं माहेर जतकडचं, आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं की नारळ फोडतात, साखर वाटतात, आजूबाजूच्या वस्तीवरची माणसं बघायला येतात. त्यामुळे जिवंत पाणी मुद्दाम बुजवताना बघणं मला अक्षरशः सहन झालं नाही, थोडा वेळ बंद करून ठेवली आणि मग पुढची बघितली.

आता प्रश्न. सांगलीत आम्ही १५-२० जण महिन्यातल्या एका रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये माहितीपट बघतो, नंतर चहा आणि चर्चा. पुढचे तीन महिने हाच विषय घ्यायचं ठरलंय. न्यूज चॅनेलवाले नकोत, नकाशावर बाण काढून समजावणारे व्हिडिओ पण नकोत. तिथल्याच माणसांनी, स्वतंत्रपणे, अनेक वर्षं घालवून केलेलं काम हवंय, ज्यात घरं, शेतं, शाळा, आपसातली नाती दिसतील, दोन्ही समाजांची.

दुसरं म्हणजे, 'नो अदर लँड' चौघांनी मिळून केलीये, बासेल अद्रा आणि हमदान बल्लाल हे पॅलेस्टिनी, युवाल अब्राहम आणि रेचेल सोर हे इस्राएली. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी विचारलं की असा मिळून केलेला सिनेमा शेवटी कुणाचा म्हणायचा, रात्री जो उठून आपल्या घरी जाऊ शकतो त्याचा, की जो जाऊ शकत नाही त्याचा? मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

चौकट

ताई, काकांनी अगदी मुळावरच बोट ठेवलंय. आणि मला ती फिल्म आवडते ती याच्यासाठीच की हा प्रश्न त्या चौघांनी लपवलेला नाही. युवालच्या गाडीला पिवळी इस्राएली नंबरप्लेट, तो कुठेही जाऊ शकतो. बासेलला वेस्ट बँकच्या बाहेर पडायचं तर परमिट लागतं. दोघं रात्री बसून गप्पा मारतात तेव्हा बासेल त्याला सांगतो की तुला सगळं दहा दिवसात मिटवून घरी जायचंय, इथे धीर धरावा लागतो. ते बोलणं एडिटिंगमध्ये काढून टाकणं सोपं होतं, त्यांनी ठेवलं. फेब्रुवारी २०२४ ला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात बक्षीस घेताना युवालने स्टेजवरून हेच सांगितलं, की आम्ही एकमेकांपासून अर्ध्या तासावर राहतो, मला नागरी कायदा लागू आणि याला लष्करी, मला मत आहे, याला नाही.

मार्च २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं आणि त्याच महिन्यात हमदान बल्लालला त्याच्याच गावात वसाहतवाल्यांनी (वेस्ट बँकमध्ये वसाहती करून राहणाऱ्या इस्राएली लोकांनी) मारहाण केली, वर सैन्याने रात्रभर डांबून ठेवलं. चौघांपैकी कोणाच्या वाट्याला काय आलं ते बघा, काकांचं उत्तर थोडंफार तिथेच आहे.

तुमच्या लिस्टमध्ये पहिली '५ ब्रोकन कॅमेराज' (२०११) घ्या असं माझं आग्रहाचं मत. एमाद बर्नाट हा बिलिनचा शेतकरी, रामल्लाजवळचं गाव. २००५ मध्ये चौथा मुलगा झाला, जिब्रील, म्हणून बाळाचं शूटिंग करायला याने कॅमेरा घेतला, आपल्याकडे बारशाला घेतात तसाच. नेमकं त्याच वेळी गावच्या जमिनीतून इस्राएलचं कुंपण टाकायला सुरुवात झाली, अर्ध्याहून जास्त जमीन पलीकडे जाणार होती, आणि बाळासाठी घेतलेला कॅमेरा दर शुक्रवारच्या मोर्चात जायला लागला. कॅमेरे एकामागून एक फुटत गेले, पाच. फिल्मचे भागच त्या कॅमेऱ्यांवर पाडलेत, हा इतके दिवस टिकला, हा असा फुटला. मुलगा डोळ्यादेखत मोठा होतो आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या बोलांत भिंत, काडतूस असले शब्द येतात.

गावात एक तरुण आहे, पोरं त्याच्या मागे मागे फिरतात, त्याला सगळे 'फील' म्हणतात. फील म्हणजे हत्ती, आपल्याकडे किल्ल्यांवर पीलखाना असतो त्यातला पील. आडवा तिडवा, हसरा, कुणाशी वैर नाही. एप्रिल २००९ च्या मोर्चात अश्रुधुराचं नळकांडं छातीवर लागून तो गेला. आणि ते कॅमेऱ्यात आहे. तो भाग दाखवायच्या आधी ग्रुपला कल्पना द्या, मी पहिल्यांदा बघितला तेव्हा नंतर कितीतरी वेळ कुणाशी बोललो नव्हतो.

आणि काकांचा प्रश्न इथेही आहेच. सहदिग्दर्शक गाय डेव्हिडी इस्राएली, पैशातला काही भाग इस्राएली फिल्म फंडाचा, म्हणून २०१३ ला ऑस्करच्या नामांकनात आली तेव्हा तिथले पेपर 'आपली फिल्म' म्हणायला लागले, आणि एमाद स्पष्टपणे म्हणत होता की ही पॅलेस्टिनी फिल्म आहे. माझं मत विचाराल तर ज्याचं अंगण त्याची फिल्म. मोर्चात इस्राएली कार्यकर्तेही मार खाताना दिसतात ते खरंय, एमादचा अपघात झाल्यावर इस्राएली हॉस्पिटलात नेल्यामुळे तो वाचला हेही फिल्ममध्ये आहे, त्याने ते लपवलं नाही. पण कॅमेरा फुटला तरी जायला दुसरी जागा नव्हती ती त्यालाच.

जुनापेटारा

वरचा प्रतिसाद मनापासून आवडला, पण थोडी वेगळी बाजू मांडतो. नुसतं सोसणाऱ्यांच्या बाजूचं बघितलं तर वाईट वाटतं, डोळे भरून येतात आणि चहा पिऊन आपण घरी जातो. हे सगळं चालतं कसं, कागद कोण लिहितं, सही कोण करतं, ते कळायला इस्राएली माणसांनी स्वतःच्याच व्यवस्थेवर रोखलेला कॅमेरा बघायला पाहिजे. तुमच्या मसाफेर यत्तातच बघा ना, घरं पाडणारा बुलडोझर दिसतो, पण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या भागाला 'फायरिंग झोन ९१८' म्हणून जाहीर करणारा कागद आधीच निघालेला होता आणि मे २०२२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने हजाराहून जास्त माणसं हलवायला वाट मोकळी करून दिली. बुलडोझर हे शेवटचं टोक झालं.

यासाठी रानान अलेक्झांड्रोविचची 'द लॉ इन दीज पार्ट्स' (२०११). स्टुडिओत एक टेबल, एक खुर्ची, त्यावर निवृत्त इस्राएली लष्करी न्यायाधीश आणि वकील एकेक करून येऊन बसतात, मागच्या पडद्यावर जुनं फुटेज चालू, आणि दिग्दर्शक शांतपणे विचारतो की हा आदेश तुम्ही लिहिलात ना, मग याचा अर्थ काय होता? आवाज चढत नाही, कुणी कुणाला खलनायक करत नाही. म्हातारी, सुशिक्षित, सभ्य माणसं आहेत, आणि त्यांच्या तोंडूनच सगळं बाहेर येतं. मध्येच ती थांबतात ना, उत्तर शोधत, ते थांबणं बघण्यासारखं आहे.

त्यात जमिनीचा भाग आहे तो आपल्या लोकांना लगेच कळेल कारण सातबारा, गायरान, पडीक यात आपलं आयुष्य जातं. १९७९ मध्ये एलोन मोरे या वसाहतीच्या खटल्यात कोर्ट म्हणालं की सुरक्षेचं कारण पुढे करून लोकांची खासगी जमीन वसाहतीला घेता येणार नाही. तर या लष्करी वकिलांनी तुर्की अमलातला जुना जमीन कायदा धुंडाळला, त्यात 'मवात' म्हणजे मृत जमीन असा प्रकार आहे. गावापासून इतकी लांब की गावातलं कोंबडं आरवलं तर तिथे ऐकू येत नाही, आणि कोणी कसत नाही, ती सरकारची. अशा जमिनी शोधत हे डोंगर पालथे घालत फिरले. हे सांगणारा वकील कायदा चांगला सापडला या समाधानात सांगतो. आपण मात्र ऐकताना गार पडतो. ज्यांच्या घरात गायरानावरून भांडणं झालीयेत त्यांना यापुढे काही समजावून सांगायची गरज नाही.

काकांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की घरी जाऊ शकणाऱ्याने दुसऱ्याच्या घरातलं दुःख टिपण्यापेक्षा आपल्या घरातली कपाटं उघडावीत. ते काम दुसरं कुणी करू शकत नाही, त्या न्यायाधीशांनी पॅलेस्टिनी दिग्दर्शकासमोर तोंड उघडलं असतं असं मला वाटत नाही.

चौकट

जुनापेटारा, कपाटाचं पटलं, पण मग बासेल-युवालसारखी मैत्री व्हायचीच नाही का? दोघं मिळून वर्षानुवर्षं त्या डोंगरावर झोपलेत. मला ती मैत्री खरी वाटते, अवघडलेली आहे म्हणूनच खरी वाटते.

रेवदंडेकर

उशिरा लिहितेय, पण राहवलं नाही. 'दोन्ही समाज' असं रानवाराताई म्हणाल्यात त्यातला इस्राएली समाज म्हणजे फक्त सैनिक आणि वसाहतवाले असं होऊ नये म्हणून.

माझ्या आजीच्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, कुटुंब होतं. घरात बोली आपलीच, शनिवारी तेलाचा घाणा बंद म्हणून पूर्वी गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणायचे. ते सगळे उठून इस्राएलला गेले आणि तिथल्या वाळवंटातल्या डिमोनाला राहिले. आजीला पत्र यायचं, मराठीत, त्यात वाळू, ऊन आणि कारखान्यातली नोकरी एवढंच असायचं आणि शेवटी मलिद्याची आठवण. आजी म्हणायची, समुद्र सोडून बाई वाळवंटात कशाला गेली. नंतर कळलं की डिमोना, येरुहाम अशी नवी गावं वसवायची म्हणून बाहेरून आलेल्यांना, जास्त करून मोरोक्कोहून आलेल्यांना, नेऊन तिथे उतरवायचे, बऱ्याच जणांना कुठे चाललोय हेही नीट सांगितलेलं नसायचं. आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंना तर वेगळाच चटका बसला, तुम्ही पूर्ण ज्यू आहात का अशी शंका तिथल्या धर्मगुरूंनी घेतली, लग्नं अडवली, त्याविरुद्ध ते रस्त्यावर आले, उपोषणं केली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये संसदेने त्यांना बरोबरीचं मानलं.

या गावांवर डेव्हिड डेरीने २०१७ मध्ये माहितीपट केला, इंग्रजीत नाव 'द ॲन्सेस्ट्रल सिन'. तो स्वतः येरुहामचा, घरचे मोरोक्कोहून आलेले. आईवडिलांच्या पिढीला खुर्चीत बसवून विचारतो की तुम्ही इथे आलात कसे, आणि बरोबरीने जुन्या सरकारी बैठकांचे कागद काढून वाचतो, की कुणाला कुठे पाठवायचं हे कसं ठरत होतं. म्हाताऱ्या माणसांना तेव्हा जे कळलं नव्हतं ते पन्नास-साठ वर्षांनी मुलगा कागदातून वाचून दाखवतो. आमच्या आजीची शेजारीण त्यात नाही, पण मला तीच दिसत होती.

यामुळे दुसऱ्या बाजूचं दुःख कमी होतं असं मी म्हणत नाहीये, कुणी तसा अर्थ काढू नका. ज्या जमिनीवर ही माणसं उतरवली गेली तिचाही आधीचा इतिहास आहेच. पण हे माहीत नसेल तर तो समाज आतून कसा शिवलेला आहे, कुठे उसवलेला आहे, ते कळत नाही.

पाऊलवाट

दोन गोष्टी पटकन.

एक, मिळून केलेल्या फिल्म्सबद्दल पॅलेस्टिनींमध्येच मतभेद आहेत हे ग्रुपला सांगा. 'नो अदर लँड'ला ऑस्कर मिळाल्यावर सांस्कृतिक बहिष्काराची मोहीम चालवणाऱ्या पॅलेस्टिनी गटाने जाहीर टीका केली होती, की अशाने सगळं आलबेल असल्याचं चित्र उभं राहतं. इस्राएली मंत्र्यांनी त्यांच्या बाजूने शिव्या घातल्या. अमेरिकेत वितरक मिळेना म्हणून त्यांनी स्वतःच थिएटर-थिएटर फिरून लावली.

दुसरं, गाझा यादीत नाही. तिथे बाहेरच्या पत्रकारांना मोकळेपणी जाताच येत नव्हतं, त्यामुळे सेपिदे फारसी या मूळच्या इराणी, पॅरिसला राहणाऱ्या दिग्दर्शिकेने अख्खी फिल्म व्हिडिओ कॉलवर केली, २०२५ ची 'पुट युअर सोल ऑन युअर हँड अँड वॉक'. फातिमा हसूना ही गाझातली तरुण फोटोग्राफर, फोनच्या स्क्रीनवर हसत बोलते, मध्येच नेट जातं, चेहरा चौकोन चौकोन होऊन थिजतो, आणि दर वेळी वाटतं आता परत लागणार नाही. फिल्म फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाला निवडली गेल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, १६ एप्रिल २०२५ ला, बॉम्बहल्ल्यात ती घरच्यांसकट गेली. तुमची 'तिथल्याच माणसाने केलेली' ही अट यात मोडते, पण फातिमाने स्वतः काढलेले फोटो त्यात आहेत, म्हणून मी तरी ती तिचीच मानते.

रानवारा

सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचला अख्खा धागा. काकांनाही फोनवर वाचून दाखवला, कोंबड्याच्या जागी त्यांनी परत वाचायला लावलं.

ठरलं ते असं: पहिल्या रविवारी '५ ब्रोकन कॅमेराज', दुसऱ्या महिन्यात 'द लॉ इन दीज पार्ट्स', कारण बिलिनची जमीन डोळ्यांनी बघितल्यावर मग ते कायद्याचं बोलणं अंगावर येईल. तिसऱ्याला फातिमाची. 'नो अदर लँड' बहुतेकांनी बघितलीये. रेवदंडेकर ताई, तुमचं चुकवायचं नाहीये, डेरीची फिल्म सबटायटलसकट कुठे मिळेल ते बघतेय, मिळाली तर चौथा महिना वाढवू, आणि तुम्हाला जमलं तर त्या दिवशी सांगलीला या, आजीकडे आलेल्या पत्रांतलं एखादं अजून असेल तर वाचून दाखवा.

दाखवायच्या परवानगीसाठी '५ ब्रोकन कॅमेराज'च्या वितरकाला आज मेल केलाय. तिकीट नाही, खुर्च्या चाळीस.

रेवदंडेकर

एक पत्र आहे. घडीवर फाटलंय पण वाचता येतं. येते मी.