आधी एजन्सीला विचारा
आरोग्य योजना निवडताना ‘आपला डॉक्टर यादीत आहे का ते बघा, बाकी सगळं सारखंच’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात कम्युनिटी हेल्थचॉइसेस (मेडिकेड या सरकारी मदतीतल्या सेवा, घरी येणाऱ्या मदतनिसासकट, विमा कंपन्यांच्या योजनांमार्फत देणारी व्यवस्था) टप्प्याटप्प्याने आली. आमच्या फिलाडेल्फियाकडे जानेवारी २०१९ मध्ये. सासूबाईंचं मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, होतं तसंच राहिलं, त्यामुळे डॉक्टरांची काळजी नव्हती. खरी धास्ती होती ती त्यांना अंघोळ घालायला येणाऱ्या बाईंची. बदलाच्या वेळी जुनी सेवा १८० दिवस चालू राहणार होती, पण पुढे त्या बाईंना पाठवणाऱ्या एजन्सीचा आम्ही निवडलेल्या योजनेशी करारच नसला तर? म्हणून आधी एजन्सीला फोन करून विचारलं, मगच तीन योजनांतली एक निवडली.

आणि गरजा तपासायला माणूस येईल तेव्हा घरातलं कुणीतरी थांबाच. सासूबाई परक्यासमोर ‘माझं मी करते’ म्हणून मोकळ्या होतात, आणि मदतीचे तास त्या उत्तरांवरूनच ठरतात.