कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी: भाव चढलेत, पण दोनांपैकी कोणतं घ्यावं?

नळी_साडेसात

कोल्ट कंपनीच्या सिंगल ॲक्शन आर्मी या जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरचे अमेरिकेतले भाव गेल्या काही वर्षांत चांगलेच वर गेलेत. सध्या जवळपास एकाच किमतीची दोन रिव्हॉल्व्हर समोर आहेत.

अ) पहिल्या पिढीचं, .४४-४० काडतुसाचं, साडेसात इंची नळी, नंबर १,५२,००० च्या आसपास. नळी गडद निळी, फ्रेमवर केस कलर (पोलाद कठीण करताना उमटणारे चितकबरे रंग) अगदी ताजे. विक्रेता 'व्यावसायिक रिस्टोरेशन' म्हणतो. कारखान्याचं पत्र (कोल्टच्या दफ्तरातली मूळ नोंद) नाही.

ब) दुसऱ्या पिढीचं, .४५ कोल्ट काडतुसाचं, साडेपाच इंची, नंबर २५,०००एसए च्या जवळ. फिनिश मूळ असल्याचं सांगतात. डबा आहे. सिलिंडरवर गोल फिरलेली फिकट रेघ दिसते.

ही भाववाढ टिकाऊ आहे की फुगा? यातलं कोणतं घ्यावं? आणि हातात घेतल्यावर नेमकं काय काय तपासायचं?

---

दफ्तरी_बाबू

आधी भावाचं बघू. 'सिंगल ॲक्शन महागली' हे वाक्य अर्धवट आहे. चढलेत ते न छेडलेल्या मालाचे भाव. रीफिनिश केलेली, नळी बदललेली, चार ठिकाणचे भाग जोडून उभी केलेली रिव्हॉल्व्हर त्या मानाने मागेच राहिली आहेत. तरी मागणी किंमत लिहिताना विक्रेते अस्सल मालाचेच आकडे समोर ठेवतात. तुमच्या 'अ'ची किंमत 'ब'च्या बरोबरीला आली ती बहुधा अशीच.

साठा मर्यादित आहे हे खरं. १८७३ ते १९४१ या काळात पहिल्या पिढीचे नंबर ३,५७,००० च्या थोडे पुढे गेले आणि तिथे थांबले. त्यातली किती वितळली, गंजली, कापली गेली याची गणती नाही. दुसरी पिढी १९५६ ला सुरू होऊन १९७५ च्या सुमारास संपली, नंबर ७३,००० च्या थोडे वर. म्हणजे ती पहिलीच्या सुमारे एक पंचमांशच.

जुन्या किमतींची तुलना करताना महागाई वजा करायला विसरू नका. १९५६ मध्ये दुसरी पिढी बाजारात आली तेव्हा किंमत १२५ डॉलर होती. निव्वळ महागाईनेच ते आजचे १,४०० डॉलरच्या वर जातात. खरी वाढ त्याच्यावरची.

ऑगस्ट २०२१ मध्ये शेरीफ पॅट गॅरेटचं, ज्याने त्याने कुप्रसिद्ध गुंड बिली द किडला मारलं ते सिंगल ॲक्शन बोनहॅम्सच्या लिलावात ६० लाख ३० हजार डॉलरला गेलं. ती किंमत त्या इतिहासाची. तिच्यावरून बाकीच्या मालाचा अंदाज बांधणारे लेख सरळ सोडून द्या.

लिलावाचं गणित मात्र कागदावर मांडा. समजा हातोडा ५,००० डॉलरला पडला आणि खरेदीदाराकडून २० टक्के प्रीमियम घेतात. तुमच्या खिशातून गेले ६,०००. उद्या तेच रिव्हॉल्व्हर विकताना लिलावघराने १५ टक्के कापले, तर मुद्दल सुटायला हातोडा ७,०५९ ला पडायला हवा. म्हणजे ४१ टक्के वाढ झाली की तुम्ही शून्यावर! शिवाय संकेतस्थळांवरच्या 'मागणी' किमती भाव म्हणून धरू नका. विकल्या गेलेल्या नोंदी बघा, आणि आकडा प्रीमियम धरून आहे की सोडून, हे प्रत्येक वेळी तपासा.

---

घोडा_अर्ध्यावर

'अ'बद्दल. नंबरवरून ते १८९३ चं दिसतं. त्या हिशेबाने काय काय जुळायला हवं ते बघा.

नंबर तीन जागी असतो: फ्रेमच्या खालच्या बाजूला ट्रिगर गार्डच्या पुढे, ट्रिगर गार्डवर आणि मागच्या पट्टीच्या बुडाला. तिन्हींचे आकडे सारख्याच वळणाचे आणि सारख्याच खोलीचे हवेत. एखाद्या ठिकाणी आजूबाजूचा पृष्ठभाग किंचित खोलगट लागला, तर जुना नंबर घासून नवा ठोकलाय असं समजा. प्रकाश तिरपा पाडून बघायचं, समोरून नाही.

ताजे केस कलर हीच मला इथली सर्वांत मोठी अडचण वाटते. केस हार्डनिंगसाठी फ्रेम कोळशात लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवतात. जुनी फ्रेम पुन्हा या प्रक्रियेतून गेली की वाकू शकते. मग सिलिंडरचा बेस पिन (ज्या दांडीवर सिलिंडर फिरतो ती) अडकत जातो, नाहीतर सिलिंडर एका बाजूला घासतो. रंग देण्याआधी पॉलिश होतं, ते वेगळंच नुकसान. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खचतात, फ्रेमच्या कोपऱ्यांची धार जाते, डावीकडच्या पेटंटच्या तारखा (१८७१, १८७२, १८७५) पुसट होतात. काम कितीही सुबक असलं तरी ही धार परत येत नाही. संग्राहक बाजारात अशा मालाला अस्सल फिनिशच्या निम्मा किंवा त्याहून कमी भाव मिळणं नेहमीचं आहे.

बेस पिन फ्रेमला कसा अडकवलाय तेही बघा. समोरून तिरका स्क्रू असेल तर काळ्या दारूच्या (जुन्या, धूर करणाऱ्या बंदुकीच्या दारूच्या) काळातली फ्रेम. आडवी स्प्रिंगवाली कळ असेल तर नंतरची धाटणी. १,५२,००० च्या आसपास दोन्ही प्रकार सापडतात, त्यामुळे निव्वळ यावरून खरं-खोटं ठरत नाही. १,६५,००० च्या पुढच्या नंबरवर स्क्रू दिसला तर मात्र प्रश्न विचारा.

काळ्या रबरी दस्त्यावर गरुड हवा (ते दस्ते साधारण १८८२ ते १८९६). इजेक्टर दांडीचं (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी) डोकं अर्धचंद्रासारखं हवं. सुरुवातीच्या नंबरांवरचं गोल 'बुल्स-आय' डोकं इथे दिसलं तर तो भाग दुसरीकडून आणून बसवलाय.

नळी साडेसात इंचीच असल्याने कापाकापीचा संशय कमी. पावणेपाच इंची घेणाऱ्यांसाठी एक खूण: आखूड नळीवर कोल्टचा पत्ता सहसा दोन ओळींत असतो, लांब नळीवर एका ओळीत. आखूड नळीवर एका ओळीचा पत्ता मधेच तुटलेला किंवा एका बाजूला सरकलेला असेल तर ती लांब नळी कापलेली.

वापराबद्दल एकच: कोल्टने धूरविरहित दारूची हमी साधारण १९०० पासून, १,९२,००० च्या आसपासच्या नंबरांपासून दिली. १८९३ च्या या फ्रेमीत आजची कारखानी काडतुसं घालायची नाहीत.

---

सहा_कोठ्या

'ब'कडे वळतो. आधी पिढीची खात्री करा. दुसऱ्या पिढीत 'एसए' नंबरच्या मागे असतं आणि मालिका ७३ हजारांवर संपते. तिसरी पिढी १९७६ मध्ये ८०,०००एसए पासून सुरू झाली, आणि ९९,९९९ संपल्यावर अक्षरं पुढे गेली. ८० हजारांच्या पुढचं 'एसए' रिव्हॉल्व्हर दुसऱ्या पिढीचं म्हणून विकायला ठेवलेलं सर्रास दिसतं. कधी अज्ञान, कधी चलाखी. २५,०००एसए ला तो धोका नाही.

सुटे भाग घेतानाही पिढी बघावी लागते. तिसऱ्या पिढीत नळीच्या आट्या इंचाला २० वरून २४ झाल्या आणि सिलिंडर फिरवणारा हात व मागचे दाते बदलले. तिसरीची नळी आधीच्या फ्रेमीत बसत नाही.

तपासणीचा क्रम असा. विक्रेत्याची परवानगी घ्या. नळी सुरक्षित दिशेला ठेवून घोडा अर्ध्यावर घ्या, लोडिंग गेट (काडतुसं भरायची बाजूची झडप) उघडा, सिलिंडर फिरवून सहाही कोठ्या रिकाम्या असल्याचं डोळ्यांनी बघा. गेट बंद करा. घोडा सावकाश पूर्ण मागे ओढा आणि खाली आणा. आता पुन्हा सावकाश ओढा. चार टिचक्या स्पष्ट ऐकू यायला हव्यात: सुरक्षा खाच, अर्धा घोडा, बोल्ट (सिलिंडर जागी अडकवणारी कळ) सुटल्याची आणि पूर्ण घोड्याची. हे सहा कोठ्यांवर सहा वेळा करा, कारण दोष बऱ्याचदा एखाद्याच कोठीवर असतो. घोडा पूर्ण मागे आला तरी सिलिंडर कुलूपबंद झाला नाही, तर हात झिजलाय. सिलिंडर बंद झाल्यानंतरही घोडा मागे न्यायला आणखी जोर लावावा लागला, तर हात लांब आहे किंवा कुणीतरी कानस चालवलीय. दर वेळी घोडा अंगठ्याने धरून खाली आणा, रिकामा आपटू नका.

सिलिंडर पुढे-मागे ढकलून बघा. जाणवण्याइतका खेळ असेल तर बुशिंग (बेस पिनभोवतीची नळीसारखी कडी) झिजलंय. नळी आणि सिलिंडरमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा: इंचाचे चार ते आठ हजारांश ठीक, दहाच्या पुढे भाव पाडून मागा.

फिकट रेघेला घाबरू नका. घोडा अर्ध्यावरून थेट खाली सोडला की बोल्ट सिलिंडरवर घासत राहतो आणि रेघ उमटते. म्हणूनच अर्ध्यावरून आधी पूर्ण मागे, मग खाली. रेघ नखाला लागत नसेल तर ती फक्त फिनिशवर आहे. खाचांच्या कडा उचकटलेल्या दिसल्या, तर मात्र फॅनिंगचे (तळहाताने घोडा झपाझप मागे मारत झाडण्याचे) उद्योग झालेत.

डब्याच्या टोकावरच्या चिकटपट्टीवरचा नंबर रिव्हॉल्व्हरशी जुळवा. नकली डबेही विकले जातात. डबा न जुळणारा असेल तर त्याचे पैसे देऊ नका.

माझं मत: संग्रहासाठी 'ब', विचार करायचीही गरज नाही.

---

नळी_साडेसात

सविस्तर प्रतिसादांबद्दल आभार. दोन शंका. 'अ'चा विक्रेता म्हणतो की १८९९ च्या आधीचं असल्यामुळे ते मुळातच जास्त किमतीचं, हे कितपत खरं? आणि त्याने किंमत एक तृतीयांश उतरवली तर?

---

दफ्तरी_बाबू

पहिल्यात तथ्य आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्र 'अँटिक' ठरतं आणि संघीय पातळीवर परवानाधारक विक्रेत्यामार्फत हस्तांतराची गरज पडत नाही. कोल्टच्या नंबरांत ही सीमा साधारण १,८२,००० ला येते. त्यामुळे सीमेच्या अलीकडच्या नंबरांना थोडा जादा भाव मिळतो. पण राज्यांचे कायदे वेगळे आहेत, ते आधी वाचा. 'ब' पन्नास वर्षांच्या नियमाने मूळ अवस्थेत असेल तर 'क्युरिओ अँड रेलिक' या संग्राह्य वर्गात येतं, आणि टाइप ०३ (संग्राहकाचा) परवाना असणाऱ्याला ते थेट मागवता येतं. सवलत दोन्हींना आहे, फक्त वेगळ्या दाराने.

---

घोडा_अर्ध्यावर

एक तृतीयांशाबद्दल: पैसे देण्याआधी नंबर घेऊन कोल्टच्या दफ्तरातून पत्र मागवा. त्यात कॅलिबर, नळीची लांबी, फिनिश, रवानगीची तारीख आणि कुणाकडे गेलं एवढं येतं. पत्र सांगतं ते कारखान्यातून काय बाहेर पडलं तेवढंच. आज हातात असलेलं तेच आहे, याचा दाखला ते देत नाही. लष्करी 'यूएस' खुणेचं असतं तर वेगळी तज्ज्ञ तपासणी लागली असती, तिथे लष्करी कोल्टचे जाणकार जॉन कोपेक यांच्या पत्राला वजन आहे. इथे तो प्रश्न नाही.

पत्रात .४४-४०, साडेसात इंच आणि निळं फिनिश आलं, तर उतरवलेल्या किमतीला रीफिनिश केलेलं पण नंबर जुळणारं १८९३ चं रिव्हॉल्व्हर म्हणून विचार करता येईल. पत्रात .४५ आलं तर नळी आणि सिलिंडर दोन्ही परके, पावणेपाच इंच आलं तर निदान नळी तरी परकी. मग ते सुट्या भागांच्या भावाचं, आणि एक तृतीयांश सूट फारच तोकडी.

---

सहा_कोठ्या

अवांतर: बजेट दोन्हींना पुरत नसेल तर रुगरची १९७३ आधीची तीन स्क्रूवाली ब्लॅकहॉक बघा. त्यांचेही भाव हलू लागलेत. एकच अट, कंपनीचा ट्रान्सफर बार (नंतर बसवून दिलेला सुरक्षेचा भाग) बसवलेला नको. बसवला असेल तर जुने मूळ भाग पाकिटात सोबत आहेत का ते विचारा, कंपनी ते परत देते. ते हरवलेले असतील तर किंमत कमी करून मागा.