समुद्रकाठच्या घरात झोपण्याच्या खोलीसाठी कमी आवाजाचा एसी कोणता घ्यावा?

हर्णैवासी:
आमचे घर बंदरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, वर स्लॅब, आणि झोपण्याची खोली दहा बाय बारा फुटांची. चैत्र-वैशाखात आमच्याकडे पारा घाटमाथ्यापलीकडच्या गावांइतका चढत नाही, पण वारा पडला की पंख्याखालीसुद्धा अंगाला घामाची धार लागते आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. वडील वयस्कर आहेत आणि त्यांची झोप फार सावध आहे; फ्रिज सुरू झाला तरी ते जागे होतात. दुकानदार दीड टनाचा इन्व्हर्टर एसी सुचवतो आणि माहितीपत्रकातला डेसिबलचा आकडा दाखवतो. त्या आकड्यावर कितपत विसंबावे, आणि खाऱ्या हवेत टिकण्यासाठी काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पावस, एसी दुरुस्ती:
माहितीपत्रकातला आकडा बहुधा आतला पंखा सर्वांत मंद वेगावर असतानाचा असतो. त्यामुळे दोन यंत्रांची तुलना करताना मंद, मध्यम आणि जलद अशा तिन्ही वेगांचे आकडे मागून घ्या. दहा डेसिबलचा फरक कानाला जवळजवळ दुप्पट आवाजाइतका जाणवतो, म्हणून हे आकडे निरर्थक नाहीत. मात्र रात्री माणूस जागा होतो तो सलग आवाजापेक्षा बदलत्या आवाजाने. खिडकीचा एसी इथेच बाद होतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर खोलीच्या चौकटीतच बसलेला असतो. साधा, एकाच गतीचा स्प्लिट (आत एक आणि बाहेर एक अशा दोन भागांचा एसी) दर थोड्या वेळाने बंद होतो आणि पुन्हा धक्का देऊन सुरू होतो. इन्व्हर्टर आपली गती कमी करून रात्रभर संथ चालत राहतो.

पण या खोलीला दीड टन घेतलात, तर तो फायदा हातचा जाईल. एसीचा टन हे वजन नव्हे, गारवा देण्याची क्षमता; एक टन म्हणजे ताशी 12,000 बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक), आणि एवढ्या खोलीला तेवढे पुरते. गरजेपेक्षा मोठे यंत्र हवा झटपट गार करते, ठराविक मर्यादेखाली गती उतरवता येत नाही म्हणून बंद होते, आणि हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार तरीही चिकट राहते. आपल्या किनाऱ्यावर खरे काम दमटपणा काढण्याचे आहे. स्लॅबवर दिवसभर ऊन पडत असेल, तर जास्त टनाचे पैसे वर पत्र्याची शेड घालण्यात खर्च करा, ती पावसाळ्यातही उपयोगी पडेल.

आता बाहेरचे युनिट. ते झोपण्याच्या खोलीच्या भिंतीवर ब्रॅकेटला टांगू नका, असे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आग्रहाने सांगतो. जांभा सच्छिद्र असतो, त्यात फास्टनरची पकड कालांतराने सैल होते आणि कॉम्प्रेसरची थरथर चिऱ्यांतून थेट पलंगापर्यंत पोहोचते. मागच्या अंगाला जमिनीवर सिमेंटचा लहान ओटा बांधून त्यावर जाड रबरी पॅड ठेवून युनिट बसवा. तांब्याची नळी भिंतीतून जिथे आत येते, तिथे ती दगडाला टेकता कामा नये. भोकात प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा घालून मोकळी जागा फोमने भरून घ्या. कारागीर घाईत असला की नेमके हेच राहते, म्हणून बसवताना स्वतः समोर उभे राहा.

मालवणची ताई:
आमच्या घरी पाहुण्यांसाठी न्याहारी-निवासाच्या खोल्या आहेत, त्या अनुभवावरून खाऱ्या हवेबद्दल लिहिते. बाहेरचे युनिट समुद्राच्या तोंडावर ठेवू नका; घराच्या आडोशाला, पण गरम हवा मोकळेपणी बाहेर जाईल अशा जागी ठेवा. कॉइल (गारवा देणारा वायू ज्यातून फिरतो त्या नळ्यांचे वेटोळे) तांब्याची आणि गंजरोधक लेप दिलेली असावी. तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र असले आणि त्यांवर खारट ओल साचली की ॲल्युमिनियमच्या पात्या झिजून पांढरी भुकटी सुटू लागते. स्क्रू आणि पंख्याचे आवरण गंजून सैल झाले की खडखड सुरू होते, म्हणजे पहिल्या उन्हाळ्यात शांत असलेले यंत्र पुढे शांत राहीलच असे नाही. मुख्य स्विच बंद करून बाहेरचे युनिट अधूनमधून गोड्या पाण्याने, बेताच्या दाबाने धुऊन घ्यावे. आतली जाळी उन्हाळ्यात पंधरवड्याला धुवावी. ती तुंबली की पंख्याचा आवाज लगेच वाढतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आपल्या दमट हवेत एसीमधून रात्रभरात बादलीभर पाणी सहज निघते. ते पाणी पडवीच्या पत्र्यावर ठिबकत असेल, तर टपटप आवाजाने तुमच्या वडिलांची झोप निश्चित उडेल. नळीला सलग उतार द्या, ती थेट माडाच्या आळ्यात सोडा, आणि टोकाला बारीक जाळी बांधा, नाहीतर कुंभारमाशी मातीने तोंड लिंपून टाकते.

हर्णैवासी:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक टनाचेच यंत्र घेण्याचे ठरवले आहे. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरते, तेव्हा स्टॅबिलायझर लावावा का? आणि रात्री तापमान किती ठेवावे?

पावस, एसी दुरुस्ती:
यंत्रावर व्होल्टेजची जी मर्यादा दिलेली असते, तिच्याशी तुमच्या घरातले संध्याकाळचे व्होल्टेज वायरमनकडून मोजून ताडून पाहा. ते मर्यादेखाली जात असेल, तर स्टॅबिलायझर हवाच. पण तो झोपण्याच्या खोलीत न लावता पलीकडच्या खोलीत किंवा माजघरात लावा, कारण व्होल्टेज हलले की त्यातला रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) टकटक वाजतो. अर्थिंगही तपासून घ्या, जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ते कमकुवत होते.

1 जानेवारी 2020 पासून नवे एसी कारखान्यातून 24 अंशांवर लावून येतात. तुम्ही निजण्यापूर्वी तासभर 24 ठेवा, मग 26 करून छताचा पंखा अगदी हळू लावा. एसीचा पंखा मात्र ‘ऑटो’वर ठेवू नका, कारण तो रात्रभर वेग बदलत राहतो. तो मंद वेगावर कायम ठेवलात, तर आवाज एकसारखा राहतो आणि हवा कॉइलवरून सावकाश गेल्यामुळे दमटपणाही अधिक निघतो. हवेची झडप वरच्या बाजूला करा, म्हणजे गार झोत वडिलांच्या अंगावर येणार नाही. पावसाळ्यात गारव्याची गरज नसेल तेव्हा ‘ड्राय’ मोड (मुख्यतः दमटपणा काढणारा) लावा.