शिबिरातील मुस्लिम पाहुण्यांचे जेवण : हलाल प्रमाणपत्र लागते का?

प्रश्न
रत्नागिरीजवळ आमच्या संस्थेचे तीन दिवसांचे निवासी शिबिर आहे. त्यात कोकणातील आणि मराठवाड्यातील काही मुस्लिम शिक्षक येणार आहेत. आमचा आचारी हिंदू आहे. शाकाहारी ताट ठेवले की भागेल, असे काही सहकारी म्हणतात. परंतु शेजारच्या पानात मासे-कोंबडी असताना पाहुण्यांना तिन्ही दिवस डाळ-भात वाढणे मला प्रशस्त वाटत नाही. सगळे जिन्नस प्रमाणपत्र असलेलेच आणावे लागतील का?

प्रतिसाद 1
नाही. देशांतर्गत विक्रीसाठी हे प्रमाणपत्र कायद्याने बंधनकारक नाही. जमियत उलेमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट, चेन्नईची हलाल इंडिया अशा खासगी संस्था ते देतात आणि त्याची खरी निकड निर्यातदारांना असते. इंडोनेशियाने 2014 च्या 33 क्रमांकाच्या कायद्याने हलाल प्रमाणन सक्तीचे करण्याचे ठरवले, तर मलेशियात जाकिम ही सरकारी यंत्रणा स्वतः मान्यता दिलेल्या परदेशी संस्थांचेच प्रमाणपत्र ग्राह्य धरते. उत्तर प्रदेश सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये अशा उत्पादनांच्या विक्रीवर बंदी घातली, तेव्हाही निर्यातीचा माल वगळला होता. तांदूळ, डाळी, भाज्या यांवर शिक्का शोधत बसू नका.

प्रतिसाद 2
माझे माहेर दापोलीचे. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफिई मताचे (शाफिई आणि हनफी हे इस्लामी धर्मशास्त्राचे दोन पंथ), त्यामुळे कोळंबी, तिसऱ्या (शिंपल्या) आमच्या रोजच्या जेवणातल्या. मराठवाड्यातील मंडळी बहुधा हनफी असतील; त्या मतानुसार पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा चालतो, कोळंबी मासा की नाही यावर त्यांच्या उलेमांतच (धर्मपंडितांतच) मतभेद आहेत, आणि खेकड्याबद्दल तर शाफिईंतही एकमत नाही. सुरमई, बांगडा, पापलेट यांना कोणाचीच हरकत नसते, कारण माशाला जबिहाची, म्हणजे धर्मविधीप्रमाणे कापण्याची, अट नाही. कोंबडीला ती आहे : ती जिवंत असताना अल्लाहचे नाव घेऊन धारदार सुरीने श्वासनलिका, अन्ननलिका व मानेच्या रक्तवाहिन्या कापायच्या आणि रक्त वाहू द्यायचे. म्हणून कोंबडी मुसलमान खाटकाकडून आणवा. शिजवणारा हिंदू असल्याने काहीही बिघडत नाही.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. मग सर्वांसाठीच सुरमईचे कालवण आणि तशीच कोंबडी ठेवतो. शेवटच्या दिवशी जेली आणि केक आहे. पाकिटावर हिरवी खूण असली की पुरे ना?

प्रतिसाद 3
जेलीपुरती पुरे. हिरव्या खुणेच्या पदार्थात प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले जिलेटिन नसते, किड्यांपासून काढलेला कार्माइन हा लाल रंगही नसतो. मद्यार्काविषयी मात्र ती खूण काहीच सांगत नाही. काही व्हॅनिला इसेन्समध्ये मद्यार्क असतो, तेव्हा बाटलीवरील घटक वाचून घ्या, आणि रम घातलेला केक तर आणूच नका. न्याहारीला डुकराच्या मांसाचे सॉसेज ठेवणार असाल, तर ते शिबिरापुरते वगळलेलेच उत्तम. आचाऱ्याशी हे सगळे आदल्या दिवशीच बोलून ठेवा, कारण ऐन पंगतीच्या घाईत एका कढईतला झारा दुसऱ्या कढईत सहज जातो.