प्रतिसाद: होलाशोवित्से

चेक प्रजासत्ताकातल्या होलाशोवित्से गावच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली घरं जपली, म्हणून ते गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, असं वर आलंय. घरं टिकली हे खरं, पण पिढ्यांची साखळी तिथे दोनदा तुटली, त्याबद्दल थोडं.

दक्षिण बोहेमियात, चेस्के बुड्येयोवित्सेच्या पश्चिमेला साधारण १५ किलोमीटरवर हे गाव आहे. १२९२ मध्ये राजाने ते विश्शी ब्रोद इथल्या सिस्टर्शियन (एक कॅथलिक संन्यासी पंथ) मठाला दिलं. १५२० ते १५२५ च्या प्लेगात फक्त दोन माणसं वाचली. मग मठाने बव्हेरिया, ऑस्ट्रियातून कुटुंबं आणून वसवली आणि चेक गाव जर्मनभाषक झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या जर्मनांनाही हाकललं गेलं. वाडे ओस पडले, अनेकांची पडझड झाली. आज दिसणारी डागडुजी बरीचशी १९९० नंतरची. जागतिक वारशाचा दर्जा १९९८ चा.

मला विशेष वाटतो तो आराखडा. मधोमध लांबट चौक, त्यात तळं आणि नेपोमुकच्या सेंट जॉनचं १७५५ मधलं छोटं चॅपेल. भोवती २३ वाडे, सगळ्यांची तोंडं चौकाकडे. राहतं घर आणि धान्याचं कोठार शेजारी शेजारी, मध्ये कमानीचा दरवाजा, आत अंगण, मागे खळं. दर्शनी भिंतींवरची वळणदार गिलाव्याची नक्षी बहुतांशी एकोणिसाव्या शतकातली, म्हणजे ती जर्मनभाषक शेतकऱ्यांच्या काळातली. गावाचं कौतुक करताना त्यांचाही उल्लेख व्हायलाच हवा.