मदत हवी आहे: सांध्यावर इंजिन उतरतंय, मधली चाकं बाहेर सरकवू कशी?

नमस्कार मंडळी. मुक्काम लष्कर, ग्वाल्हेर. इथे मॉडेल रेल्वेचा छंद म्हटलं की लोकांना थेट जयविलास राजवाड्यातली चांदीची गाडी आठवते. "ती तर जेवणाच्या टेबलावर मद्य आणि सिगार फिरवते, तुझी काय फिरवते?" माझी सध्या काहीच फिरवत नाही.

इंजिन ओओ मापाचं, म्हणजे १:७६, सहा चाकांचं वाफेचं टँक इंजिन. मामेभावाने इंग्लंडहून येताना जुनंच आणलं. सरळ रुळावर झकास, वळणावरही नीट. सांध्याच्या (जिथे एका रुळाच्या दोन वाटा होतात) फ्रॉगपाशी, म्हणजे आतले दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, पोचलं की मधलं चाक टुणकन उडी मारतं. डबे तिथूनच बिनबोभाट जातात, म्हणून रुळांवर शंका नाही. तरी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, मोजलं: १६.५ मिमी, बरोबर. मग जमिनीवर आडवा पडून, डोळा रुळाच्या पातळीला आणून इंजिन अगदी हळू चालवलं (आई म्हणाली, "डोकं फिरलंय का?"). मधल्या चाकाची पाठ (आतली बाजू) चेक रेलवर, म्हणजे चाकाला वाटेवर ठेवायला आत लावलेल्या जादा रुळावर, चढताना स्पष्ट दिसली.

व्हर्निअरने चाकांच्या पाठींमधलं अंतर घेतलं. पुढची जोडी १४.४, मागची १४.४, मधली १४.०. चाक फिरवून तीन ठिकाणी मोजलं, तेवढंच येतं, म्हणजे चाक वाकडं नाही. असायला हवं १४.४ ते १४.५.

डब्याचं चाक असतं तर पिळून ओढलं असतं. इथे चाकं एकमेकांना जोडणारे दांडे आहेत. डाव्या-उजव्या बाजूचे क्रँक एकमेकांशी ९० अंशात बसवलेले. चाक जरा फिरलं की दांडे अडकणार. शिवाय एका चाकाला वीज अडवायला प्लॅस्टिकचं बूच आहे, ते तडकायची भीती. सराफ्यातला मित्र पक्कड घेऊन तयार बसलाय, त्याला कसाबसा थोपवलाय. चाकखेच्या नाही. काय करू?

मुरारकर:
पक्कड आधी लपवून ठेवा! निदान बरोबर आहे तुमचं. चेक रेल आणि विंग रेल (फ्रॉगच्या बाजूचे वळलेले रूळ) दोन्ही चाकांच्या आतून जातात. अंतर कमी असलं की जोडी त्यांच्यावर आवळते आणि वर चढते. उलट फार वाढवलंत तर चाकाची कड फ्रॉगच्या टोकावर आपटेल. तेव्हा १४.५ च्या पुढे जाऊ नका.

दांडे काढा, खालची प्लेट उघडा, मधला आस बाहेर घ्या. आसाच्या टोकावरून चाकावर येईल अशी बारीक रेघ दोन्हीकडे ब्लेडने ओढून ठेवा, म्हणजे चाक आसावर फिरलं तर कळेल. खरादवाल्याकडून १४.४ चा पितळी ठोकळा करून घ्या, आसासाठी खाच ठेवून. आसाचं टोक चाकातून बाहेर दिसत असेल तरच पुढचं करा. चाकाची पाठ खाच असलेल्या पोलादी पट्टीवर टेकवा, टोकाला बारीक पिन लावून व्हाइसमध्ये सावकाश दाबा. दोन्हीकडे ०.२ ०.२, एकाच चाकाला सगळं ढकलू नका, नाहीतर जोडी एका अंगाला सरकेल. चुकून जास्त गेलं तर ठोकळा मध्ये ठेवून परत दाबायचं. पिळायचं मात्र नाही, काहीही झालं तरी. आणि वीज घेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या चाकाच्या पाठीला टेकतात ना, ते नंतर पाहा. चाक बाहेर गेलं की त्या हवेत राहतात.

धागाकर्ता:
काका, खूप आभार. खरादवाल्याने ठोकळा करून दिला, वर "हे कशाला?" विचारलं, इंजिनाचं आहे म्हटल्यावर त्याला श्योपूरची दोन फुटी रुळांवरची छोटी गाडी आठवली आणि पैसे घेईना. बळेच दिले.

आता १४.४, सांध्यावरून पाच वेळा गेलं, एकदाही उतरलं नाही. डावी पट्टी खरंच टेकत नव्हती, चिमट्याने जरा वाकवली. एक उरलंय: अगदी हळू चालवताना प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी हिसका बसतो. भिंगाने पाहिलं तर उजवीकडची रेघ केसभर चुकली आहे. एवढं चालतं का, की पुन्हा उघडू?